दोघींची सरासरी

हलक्या वजनाच्या दुहेरी होडीचा नियम मोठ्या भल्या माणसांनी केलेला असावा. धिप्पाड मुलींपुढे बारीक चणीच्या मुलींचा निभाव लागत नाही, त्यांनाही संधी मिळावी, म्हणून त्यांची शर्यत वेगळी. अट एकच: होडीत बसणाऱ्या दोघींचं मिळून वजन एकशे चौदा किलोच्या आत हवं. म्हणजे सरासरी सत्तावन्न. एकीचं थोडं जास्त भरलं तर दुसरीचं तेवढं कमी भरावं, की झालं. ऐकताना यात कुणाचं काही वाईट होईल असं वाटत नाही. होडी शिकवणाऱ्या सरांनाही वाटलं नव्हतं.

या गोष्टीतल्या दोघी सख्ख्या बहिणी. थोरली बावीस वर्षांची, चष्म्याच्या दुकानात काउंटरवर कामाला. धाकटी अठराची, कॉलेजात नावापुरती आणि तलावावर मनापासून. घरात त्यांना थोरली-धाकटी म्हणत आणि तलावाकाठच्या बोटघरातही तीच नावं चिकटली. सर काठावरून "धाकटे, पाठ सरळ!" असं ओरडले की नवा माणूस थोरलीकडे बघायचा, कारण धाकटी तिच्यापेक्षा वीतभर उंच होती. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई लाँड्रीत इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभं राहून संध्याकाळी घरी येताना तिचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा दिसायचा, हे तिचंच म्हणणं.

धाकटीची भूक हा त्या घरातला हक्काचा विनोद होता. सकाळचं वल्हवणं आटोपून आली की ती स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच सुरू करायची: चार अंडी, ब्रेडचा अर्धा पुडा, वर दूध, आणि मग "आता जेवायला काय आहे?" आई म्हणायची, "हिच्या पोटात कुणी भाडेकरू ठेवलाय का बघा एकदा. भाडं तरी वसूल करू." थोरली हसायची आणि आपल्या पुढ्यातलं अंडं धाकटीच्या ताटलीत सरकवायची. "घे, मला दुकानात खायचंय." दुकानात चष्मेवाले काका डबा उघडत तेव्हा ती म्हणायची, "मी घरून खाऊन आलेय." आणि बोटघरात कुणी केळं पुढे केलं तर, "पोट जड असलं की लय बिघडते." तीन ठिकाणी तीन थापा, आणि तिन्ही ताडून बघायचं कुणाला सुचत नसे. कितीतरी दिवस हे असंच बिनबोभाट चाललं.

आता सरांच्या काट्याविषयी सांगायला हवं. बोटघराच्या मागच्या खोलीत माल तोलायचा एक जुना, भला मोठा काटा होता. दर शनिवारी प्रत्येक जोडीचं वजन त्यावर व्हायचं, आणि ते जोडीनेच. दोघींनी एकदम पाट्यावर चढायचं, एकमेकींना धरून उभं राहायचं, तबकडीवर दोघींचा मिळून एक आकडा दिसायचा. ही पद्धत सरांनी दयेपोटी पाडली होती. पूर्वी ते एकेकीला उभं करून वजन मोठ्याने वाचत, आणि एकदा एक मुलगी सगळ्यांदेखत रडत निघून गेली ती परत आलीच नाही. तेव्हापासून सरांनी कानाला खडा लावला. "कुणाचं किती, हे कुणाला कळायची गरज नाही. होडीला तरी कुठे कळतं? तिला दोघींचं मिळूनच ओझं," असं ते म्हणायचे. मुलींना हे आवडायचं. सरांना मुली देवमाणूस म्हणत, आणि त्या बाबतीत ते होतेही.

त्या हंगामात थोरली-धाकटीच्या जोडीचा आकडा एकशे चौदाच्या रेषेवर जो बसला तो हललाच नाही. दर शनिवारी तोच. बाकीच्या जोड्यांचा काटा कधी वर कधी खाली, सरांची बोलणी ठरलेली. या दोघी चढल्या की सर तबकडीवर बोट आपटून म्हणत, "बघा. याला म्हणतात शिस्त." थोरली मान खाली घालून हसायची. धाकटीला वाटायचं, आपण एवढं हादडतो तरी वजन वाढत नाही, म्हणजे आपली प्रकृतीच तशी. तरुणपणी माणसाला स्वतःच्या प्रकृतीचा फार अभिमान असतो. ती उंच होत होती, खांदे भरत होते, जुने शर्ट काखेत उसवत होते. हे सगळं वजनाशिवाय कसं होईल, हा हिशोब तिने केला नाही.

वल्हवणारी माणसं पुढे जाताना तोंड मागे करून बसतात. दोघींच्या होडीत धाकटीची जागा अशी होती, की तिच्या डोळ्यांसमोर सदोदित थोरलीची पाठ. लय थोरली धरायची, धाकटीने ती पाठ बघून वल्ही टाकायची आणि ओढायची. त्यामुळे थोरलीच्या पाठीत झालेला बदल जगात सगळ्यात आधी कुणाला दिसला असेल तर तो धाकटीला. आधी शर्ट सैल झाला. मग शर्टातून खांद्याची पाती दिसू लागली. मग एक दिवस ऊन तिरकं पडलं, थोरली वल्ही टाकायला पुढे वाकली, आणि तिच्या मणक्याचा एकेक मणी मोजता आला. धाकटी म्हणाली, "ताई, तू वाळलीस गं." थोरली मागे न बघता म्हणाली, "तू बोलतेस तेव्हा डावं वल्हं उशिरा पडतं."

इतरही गोष्टी होत्या, पण सुट्या सुट्या. थोरली उन्हातही स्वेटर घालून बसायची. तिच्या तळहाताला आलेले फोड भरायचे नाहीत. न्हाणीघराच्या जाळीत तिच्या केसांचा गुंता रोज निघायचा आणि ती तो कागदात गुंडाळून गुपचूप टाकायची. कपाटात पॅडचा पुडा दोघींचा मिळून एकच असायचा, तो आताशा दुप्पट दिवस पुरू लागला. धाकटीला त्याचं बरंच वाटलं, कारण पुडा आणायची पाळी तिची होती. आणि थोरली चिडकी झाली होती. पूर्वी जिच्या तोंडून वाकडा शब्द निघत नसे ती आता चमचा पडला तरी अंगावर यायची. आई म्हणायची, "दुकानात उभं राहून राहून डोकं फिरलंय पोरीचं. लग्नाचं बघायला हवं." आईच्या मते डोकं फिरल्यावर लग्न हाच उपाय होता, न फिरल्यावरही तोच होता.

एका शनिवारी थोरलीला दुकानातून निघायला उशीर झाला. बाकीच्या जोड्यांचं वजन आटोपून सर काठावर गेले होते. धाकटी मागच्या खोलीत एकटीच वाट बघत बसली होती. रिकामा माणूस काय करील याचा नेम नसतो. ती उठली आणि सहज, गंमत म्हणून, काट्यावर एकटी चढली.

तबकडीवर बासष्ट आले.

तिने पुन्हा उतरून पुन्हा चढून पाहिलं. बासष्टच. आधी ती घाबरली ती स्वतःसाठी, हे सांगायलाच हवं. बासष्ट! सरांना कळलं तर आपल्याला होडीतून काढतील, हा तिचा पहिला विचार. एकशे चौदातून बासष्ट वजा करायचं तिला सुचलं ते त्यानंतर. बावन्न. एके काळी थोरली आणि ती दोघीही सत्तावन्नाच्या आसपास होत्या. म्हणजे ती जेवढी चढत गेली तेवढी थोरली उतरत गेली होती, किलोला किलो, आणि वरचा काटा स्थिर. धाकटीला पाट्यावरून खाली उतरायचंही सुचेना.

थोरली आली तेव्हा ती तशीच उभी होती. थोरलीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तबकडीकडे, आणि दार लावून घेतलं.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. ताई, तू बावन्न किलोची आहेस."

"बरं मग?"

"बरं मग काय? तू जेवत नाहीस. माझ्यासाठी जेवत नाहीस!"

"हळू बोल." थोरली बाकावर बसली. बसताना तिने बाकाची कड धरली. "तू वाढतेयस. वाढत्या अंगाला कोण अडवणार? तुझ्या जोरावर होडी पळते, सर उगाच नाही म्हणत. मी फक्त लय धरते. लय धरायला वजन कशाला लागतं? दोघींपैकी एकीने कमी व्हायचं तर मीच व्हायला हवं. साधं गणित आहे."

"आणि पाळी? पुडा संपतच नाही आताशा."

"येत नाही. थंडीपासून नाही आली." हे तिने अशा सुरात सांगितलं, जसं काही दुकानाला सुट्टी आहे. "तोंड कशाला एवढं करतेस? वरच्या शर्यतींना जाणाऱ्या सगळ्या मुलींची जाते. त्याच म्हणतात, पाळी गेली की समजायचं आता अंग तयार झालं. कटकट गेली."

"आईला कळलं तर?"

"आईला कोण सांगणार? तू?" थोरलीने तिचा हात धरला. तिची बोटं थंडगार होती. "महिन्याभरावर निवड आलीय. पहिल्या दोन जोड्या शिबिराला जाणार. एवढी शर्यत होऊ दे, मग बघ, तुझ्या ताटातलंही ओढून खाईन. पण आईला सांगू नकोस. माझी शपथ आहे."

आणि धाकटीने सांगितलं नाही. इथे तिची बाजू घ्यावीशी वाटते, पण घेता येत नाही. अठरा म्हणजे काही अगदी लहान वय नव्हे. शपथ मोडवली नाही हे खरं, पण शपथेइतकीच तिला ती शर्यतही हवी होती. हवी म्हणजे किती, तर झोपेत तिचे हात चालायचे. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात. ती तर स्वतःशीच सोंग घेऊन बसली होती.

प्रायश्चित्त म्हणून तिने दोन दिवस जेवण अर्धं करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तलावात तिचे हात शिसं ओतल्यासारखे झाले आणि होडी वाकडी गेली. सर काठावरून खेकसले ते थोरलीवर, कारण दिशा चुकली की सगळ्यांना वाटतं लय धरणारीचंच चुकलं. थोरलीने घरी येऊन धाकटीपुढे ब्रेडचा पुडा आदळला. "खा! माझ्या केलेल्यावर पाणी ओतू नकोस." धाकटी रडत रडत खात राहिली, आणि लाजेची गोष्ट अशी की तिला ते गोड लागलं.

मग थोरलीची बरगडी दुखायला लागली. डाव्या बाजूला, काखेखाली बोटभर जागेत. खोकला आला की ती तिथे हात दाबून धरायची. जिना चढताना मध्येच थांबायची आणि चपलेचा पट्टा नीट करायचं निमित्त करायची. "स्नायू आखडलाय," म्हणायची, आणि औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणायची.

एके दिवशी चष्मेवाले काका आपला कोट घेऊन लाँड्रीत गेले. कोट देता देता म्हणाले, "मुलीला जरा डॉक्टरला दाखवा हो. परवा काउंटरमागे खालीच बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली." आई संध्याकाळ होईपर्यंत कशीबशी थांबली. घरी आल्या आल्या तिने थोरलीला विचारलं. थोरली म्हणाली, "काकांना काय, शिंक आली तरी न्यूमोनिया दिसतो." आईचं समाधान झालं नाही. तिने धाकटीकडे मोर्चा वळवला.

"तू सांग. तू दिवसरात्र हिच्याबरोबर असतेस. ही जेवते ना?"

थोरली मागे उभी होती. धाकटीला तिचा चेहरा दिसत होता, आईचाही दिसत होता. एका वाक्याचं काम होतं.

"जेवते की. उन्हात उभी राहिली असेल," धाकटी म्हणाली.

आईने तिच्यावर विश्वास ठेवला. आजवर धाकटी तिच्याशी कधी खोटं बोलली नव्हती, म्हणून तो बसला. आई कांदा चिरायला गेली, थोरलीने धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्या रात्री धाकटीला जेवण गेलं नाही. बाकी काही झालं नाही.

शर्यतीच्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं आणि पाणी राखेच्या रंगाचं दिसत होतं. वजनाला दोघी मिळून एकशे चौदाच्या थोड्या आतच भरल्या. पंचांनी मान डोलावली. थोरलीने दोन गोळ्या एकदम घेतल्या आणि पाण्याचा घोट सवयीने थुंकून टाकला. धाकटीने ते पाहिलं. ती "ताई," म्हणाली, आणि थोरली म्हणाली, "आज नको."

सुरुवात फार सुरेख झाली. इतकी सुरेख, की धाकटी सगळं विसरली. समोर थोरलीची पाठ एखाद्या यंत्रासारखी मागे-पुढे होत होती, दोघींची वल्ही एका क्षणी पाण्यात पडत होती. शेजारच्या होड्या एकेक करून मागे पडल्या, पुढे एकच उरली. अर्ध्याच्या पुढे कुठेतरी थोरलीच्या तोंडून बारीकसा आवाज आला. पाय मुरगळल्यावर येतो तेवढाच. तिचा डावा खांदा खाली गेला आणि परत वर आला नाही. लय मात्र चुकली नाही. धाकटीने हाक मारली, "ताई?" उत्तर आलं, "ओढ." धाकटीने पुन्हा हाक मारली, तेव्हा थोरली किंचाळली, "ओढ म्हणते ना!"

धाकटीने ओढलं. वल्ही खाली टाकून ती होडी थांबवू शकली असती. थांबवायला जोर लागत नाही, हात सोडले की होडी थांबते. तिने ओढलं, आणि त्या दुसऱ्या आल्या, म्हणजे निवडल्या गेल्या. काठावर शिट्ट्या वाजल्या. सर गुडघाभर पाण्यात धावत आले आणि त्यांनी थोरलीला होडीतून उतरायला हात दिला, पण थोरलीला हात वर उचलता येईना. ती बसल्या जागी चिमुकले श्वास घेत होती आणि तिचे ओठ निळसर झाले होते. सरांच्या तोंडावरचं हसू पुसायला थोडा वेळ लागला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी फोटो उजेडावर लावला आणि आईला दाखवला. बरगडी मोडली होती ती आजची. तिच्या खालच्या बरगडीला एक जुनी चीर होती, अर्धवट सांधलेली. मग हाडांची वेगळी तपासणी झाली. तिचा निकाल आला तेव्हा त्यांनी तो दोनदा पाहिला.

"साठी उलटलेल्या बाईचा म्हणून हा मला कुणी दिला असता तर मी शंका घेतली नसती," त्या म्हणाल्या. "पाळी कधीपासून बंद आहे?"

आईने थोरलीकडे पाहिलं. थोरलीने छताकडे पाहिलं.

"अहो, बंद कशी असेल? ती तर..." आई म्हणाली आणि थांबली.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं, की एवढे कष्ट करणाऱ्या अंगाला पुरेसं अन्न मिळालं नाही तर ते आधी ज्यावाचून चालेल ते बंद करतं. पाळी बंद, केस बंद, ऊब बंद, जखमा भरणं बंद. वरून माणूस धावतो, वल्हवतो, शर्यतीही जिंकतो, म्हणून कुणाला कळत नाही. "आणि मग सरपण संपलं की चुलीत घराचे वासे जातात. हिचे गेलेत. हृदयाचे ठोकेही फार मंद आहेत. तुम्हाला वाटलं असेल खेळाडूचं हृदय."

"मला वाटलं होतं," थोरली म्हणाली. तिला बोलतानाही दुखत होतं. "भरून येईल ना?"

"बरगडी येईल. बाकीचं थोडंफार येईल. पाळी परत यायला हवी, त्यासाठी वजन यायला हवं, त्यासाठी खायला हवं. पण या वयात हाडं भरायची असतात ती तू रिकामी केलीस. सगळं परत येईल असं मी तुला खोटं सांगणार नाही. होडी मात्र आता नाही."

बाहेरच्या बाकावर आई बसली. तिच्या मांडीवर थोरलीचा ओला शर्ट होता आणि ती सवयीने त्याच्या सुरकुत्या हाताने सपाट करत होती. "माझ्या डोळ्यांदेखत," ती म्हणाली. "मी लोकांच्या कपड्यांवरची सुरकुती हुडकत राहिले आणि माझी पोर... मी तुला विचारलं होतं गं. तुलाही नव्हतं माहीत?"

"माहीत होतं," धाकटी म्हणाली. "महिनाभर माहीत होतं."

आईने तिला मारलं असतं तर बरं झालं असतं. आईने फक्त शर्टाची घडी घातली, उठली आणि थोरलीच्या खोलीत गेली. घडी घातलेला शर्ट बाकावरच राहिला.

थोरली घरी आली. दिवसभर उशीला टेकून बसायची. चष्म्याच्या दुकानातली तिची जागा काकांनी राखून ठेवली होती, पण उभं राहणं अजून जमत नव्हतं. आई लाँड्रीत जाण्याआधी वाटीत भात, अंडी, उकडलेले बटाटे झाकून ठेवायची आणि परत आल्यावर रिकाम्या वाट्या बघून तिला जरा धीर यायचा. धाकटी तलावाकडे फिरकली नव्हती. दोघी एका खोलीत झोपत, पण त्यांच्यात बोलणं असं उरलं नव्हतं. खिडकी लावू का, दिवा घालवू का, एवढंच.

अशाच एका संध्याकाळी सर आले. टोपी हातात घेऊन ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले. माणूस वाईट नव्हता, खरोखर खचलेला दिसत होता. "मी काटाच बघत राहिलो," ते थोरलीला म्हणाले. "काटा हलत नव्हता, मला वाटलं झकास चाललंय." मग ते धाकटीकडे वळले. शिबिराची जागा दोघींची होती, एक गळाली तरी दुसरी जाऊ शकत होती. जोडीदारीण मात्र लवकर ठरवायला हवी होती. "मी एक बघितलीय. आपल्या बोटघरातली चिमणी. हात चांगला आहे, आणि अंगाने अगदी पिसासारखी. ती असली की तुला खाण्यापिण्याची काही काळजीच नाही."

त्यांना आपण काय बोललो हे कळलं नव्हतं. खोलीतल्या दोघींना कळलं.

"सर, चिमणीची पाळी येते का, विचारलंत?" धाकटी म्हणाली.

सरांचे कान लाल झाले. "असलं मी कसं विचारणार, बाळ?"

"मग कुणी विचारायचं?"

सर टोपी फिरवत राहिले.

"मी येणार नाही," धाकटी म्हणाली.

"येईल ती, सर," उशीवरून थोरली म्हणाली. "तुम्ही तिचं नाव द्या. मी समजावते."

सर गेले. दार लागेपर्यंत थोरली थांबली, आणि मग कितीतरी दिवसांत ऐकू आला नव्हता असा तिचा आवाज चढला. चढवताना तिने बरगडीवर हात दाबून धरला होता. "नाही म्हणजे? तू नाही गेलीस तर मी हे कशासाठी केलं? हाडं माझी गेली. निदान तू तरी जा. नाहीतर सगळं मातीत गेलं."

"मी मागितलं नव्हतं, ताई."

"पण खाल्लंस."

हे खरं होतं. खालून कुणीतरी सायकल ओढत नेल्याचा आवाज आला आणि गेला. थोरलीचाही राग ओसरला. राग टिकवायलाही अंगात काहीतरी लागतं.

"तुझ्यासाठी केलं असं म्हणतेय मी," ती हळू म्हणाली. "सुरुवातीला तुझ्यासाठीच होतं. मग नाही. तू उंच झालीस, तुझा जोर वाढला, सर तुझंच नाव घ्यायचे. मला एकच गोष्ट तुझ्यापेक्षा बरी जमत होती. तू ताटावर तुटून पडायचीस आणि मी बघत बसायचे. मला वाटायचं, ही कितीही वाढली तरी मोठी मीच आहे."

धाकटी पलंगाजवळ जाऊन खाली बसली. तिने थोरलीच्या पायांवर डोकं टेकलं. पांघरुणातूनही ते पाय गार लागत होते.

"आता तर खा ना मग," ती म्हणाली. "आता कुणाशी बरोबरी करायचीय?"

थोरलीने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग म्हणाली, "येत नाही मला."

"काय येत नाही?"

"खायला. घास उचलते आणि हात तिथेच थांबतो. भूक कशी असते तेच आठवत नाही गं मला. आई ठेवते ते मी न्हाणीघरात ओतते. रोज." ती रडत नव्हती. रडणाऱ्या माणसाला निदान धरता येतं. "मला भीती वाटते. पण तू आईला सांगू नकोस. ती बिचारी रिकामी वाटी बघते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर... नको सांगूस. येईल माझं मलाच. शपथ आहे तुला."

धाकटीने डोकं उचललं. ती उठली.

"कुठे चाललीस?" थोरलीने विचारलं, आणि तिला कळलं. "ए! शपथ घातलीय मी. बस खाली. धाकटे!"

धाकटी स्वयंपाकघरात गेली. आई अंड्यांची टरफलं काढत होती. धाकटीने सांगितलं, एका दमात, न्हाणीघरापासून सगळं. आईच्या हातातलं अंडं तसंच राहिलं. तिने हात पुसले, गॅस बंद केला, भाताची वाटी आणि चमचा उचलला आणि ती आत आली. ती रागावली नाही, तिने काही विचारलंही नाही. पलंगाच्या कडेला बसून ती चमच्याने भात मऊ करू लागली, दात न आलेल्या मुलासाठी करतात तसा.

थोरलीने धाकटीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिने तिच्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. मग भिंतीकडे तोंड केलं आणि ती आईला म्हणाली, "आधी हिला बाहेर काढ. ही असली तर मी तोंड उघडणार नाही. हिचं तोंडही बघायचं नाही मला."

आईचा हात थांबला. तिने मान वळवून धाकटीकडे पाहिलं.

धाकटी दारात उभी होती. थोरलीचं ऐकून तिने एकदा गप्प राहून पाहिलं होतं; या वेळी ती बाहेर गेली नाही.